सव्वा मूठ

मागच्या वर्षी, नागपंचमीनंतरचा पहिला रविवार यायच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी सकाळी पावणेदहाला, यावलच्या आमच्या भाड्याच्या घरात पितळी ताटात पाच मुठी गहू काढले गेले. हजर माणसे तीन. मी, माझी बायको मंदा, आणि जळगावला नोकरीला असलेला आणि त्या दिवशी पहिल्या एसटीने आलेला आमचा मुलगा गौरव. आमच्या घरच्या कानबाईचा नेम माणशी सव्वा मूठ असा आहे. तिघांच्या मुठी पावणेचार होतात. मंदा मुठी टाकत होती, मी सवयीने मनात मोजत होतो, आणि ती पाचावर थांबली.

गौरवने माझ्याकडे पाहिले आणि मी रिकामे पातेले मंदापुढे सरकवले.

खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. श्रावणातल्या त्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून चौरंगावर मांडतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर पोचवतात. नैवेद्याला रोट, म्हणजे जाड पोळ्या, असतात. त्यांचे गहू घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने मुठीने मोजतात. काही घरांत फक्त पुरुषांची मूठ धरतात. आमच्या घरी माझ्या आजोबांच्या वेळेपासून मुलीबाळींचीही धरतात. लेक सासरी गेली की तिची मूठ इकडची उठते, तिकडच्या घरात तिची मोजणी होते. पीठ चाळायचे नाही. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्या कोणाला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचे.

यंदाचा तो शनिवार चार दिवसांवर आला आहे. बाहेर पाऊस लागून आहे. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकात एकोणीस मिलिमीटर पाणी होते. मंदाने गव्हाचा डबा उन्हात ठेवण्यासाठी दोनदा बाहेर काढला आणि दोनदा आत आणला. तेव्हापासून मला मागचा श्रावण आठवतो आहे, आणि तो आठवला की त्याच्या मागचे सगळे ओढीने येते.

आम्ही मूळचे धुळ्याचे. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत माझी अठ्ठावीस वर्षे गेली, त्यातली सव्वीस धुळ्यात. तिथे आमचे स्वतःचे दोन खोल्यांचे घर आहे. ते आता बंद असते. या भाद्रपदात तीन वर्षे होतील, त्या घरात आमची मुलगी तेजल तापाने आजारी पडली. वीस वर्षांची होती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मी तापाचा तक्ता ठेवला होता, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. दर चार तासांनी. १०२.६, १०३.२, १०२.८. मला आकडे लिहिले की बरे वाटते. माणूस काही तरी करतो आहे असे वाटते. चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला आकडा ९८.४ आला. मी मंदाला उठवून दाखवला. त्या दिवशी अमळनेरला तिच्या भाचीचा साखरपुडा होता, जायचे रद्द केलेले होते. मीच म्हणालो, "ताप उतरला. तू जाऊन ये, सातची गाडी मिळेल."

डेंग्यूचा ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे मला नंतर कळले. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा ते माझ्याकडे पाहत नव्हते, टेबलावर मी नेऊन ठेवलेल्या तक्त्याकडे पाहत होते. तक्ता बिनचूक होता.

मंदा गेल्यावर, सव्वाआठला, मी कचेरीला निघत होतो तेव्हा तेजल मला म्हणाली की पोटात दुखतंय. आणखीही काही म्हणाली. मी उत्तर दिले, शेजारच्या काकूंना अधूनमधून डोकवायला सांगितले आणि निघालो. दुपारी मंदा परत आली तेव्हा तेजल बोलण्याच्या पलीकडे होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. सव्वाआठचे ते बोलणे मी तक्त्यावर लिहिले नव्हते, डॉक्टरांना सांगितले नव्हते, आणि मंदालाही सांगितले नाही. ताप उतरला म्हणून मी तिला पाठवले एवढे तिला ठाऊक होते. एवढ्यासाठी ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मीही कदाचित बाकीचे बोललो असतो.

त्या घरात नंतर राहता येईना. मंदा पुन्हा भिंतीवर टांगलेले ते कॅलेंडर काढू देईना आणि त्या भिंतीकडे पाहूही शकेना. मी बदली मागितली. यावलला कोणी सहसा मागत नाही, म्हणून लगेच मिळाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आलो. अंगावर येणारे ऊन होते. उत्तरेला सातपुडा भाजलेल्या विटेच्या रंगाचा दिसत होता, आणि त्याच्या पायथ्यापासून आमच्या मागच्या दारापर्यंत केळीच केळी. धुळ्याच्या माणसाला एवढे हिरवे डोळ्यांना टोचते. पहिले पंधरा दिवस मी मागचे दार उघडलेच नाही.

मागचा मळा अक्कांचा. वय सत्तरीच्या पुढे, नवरा जाऊन बारा वर्षे झालेली, मुलगा सुरतेला. माहेर अमळनेरकडचे. पन्नास वर्षे या गावात काढूनही बोली माहेरचीच ठेवली आहे. इथल्या बायका त्यावरून त्यांना चिडवतात आणि अक्का त्यांना त्याच बोलीत परत करतात. माझी नवी कामे होती त्यांत कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला पाहून नोंद करणे हे एक होते. अक्कांना याची फार मजा वाटली.

"काय भाऊ, आभाय कितलं पडनं आज?"

"अठ्ठावीस मिलिमीटर."

"म्हंजे कितल्या घागरी?"

मी हिशेब करू लागलो की त्या हसायच्या. "ऱ्हाऊ द्या. केळले बठ्ठं समजस."

केळीला सगळे समजते की नाही मला माहीत नाही. पण त्या पहिल्या श्रावणात एकदा मी मागचे दार उघडले आणि केळीचा पोंगा पाहिला. पोंगा म्हणजे सुरळी करून खोडातून वर येणारे नवे पान. काल होता त्याहून आज तो उंच वाटला, म्हणून मी गौरवची जुनी फूटपट्टी आणली, शेजारच्या पानाच्या देठाला दोरा बांधून खूण केली आणि दुसऱ्या दिवशी मोजले. साडेचार इंच. मी चुकलो असेन म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. पावणेपाच. आपण झोपलो असताना, कोणी पाहत नसताना, एका दिवसात अर्धी वीत. सातव्या दिवशी सुरळी सुटली आणि पान उघडले. इतके कोवळे की त्यातून पलीकडचा हात दिसत होता. दुपारी वारा सुटला आणि त्याने पान तीन ठिकाणी चिरले. मला फार वाईट वाटले. अक्का म्हणाल्या, "फाटनं ते बरं व्हयनं. फाटं नसतं ते वारानी झाडच पाडं असतं."

एका सकाळी पर्जन्यमापक कोरडा होता. आकाशही रात्रभर स्वच्छ होते. मी शून्य लिहून घरी आलो, मागे गेलो, तर प्रत्येक पानाच्या कडेला पाण्याचे थेंब ओळीने लागलेले. दव म्हणावे तर पानाच्या मध्यावर काही नाही, नुसती कड. एका पानाला मी एकसष्ट मोजले. अक्कांनी सांगितले की झाड रात्री मुळांनी भरपूर पाणी पिते आणि जास्तीचे पहाटे कडेने सोडून देते. मी त्या चिखलात बराच वेळ उभा राहिलो. माझ्या मापात न येणारे पाणी जगात आहे, एवढेच मनात आले. तेजल गेल्यापासून मी रडलो नव्हतो. त्या दिवशीही रडलो नाही. पण कचेरीला चाळीस मिनिटे उशिरा गेलो, जे आधीच्या सव्वीस वर्षांत घडले नव्हते.

हे लिहिताना मळ्यातले दुसरेही लिहायला हवे, नाहीतर खोटे होईल. घड उतरवला की केळीचे झाड तोडतात. त्याच्या बुडाशी पाच-सहा पिले आलेली असतात. त्यातले एक ठेवतात, बाकीची विळ्याने कापतात. अक्का हे काम बसून, बोलत बोलत करायच्या. मला ते पाहवत नसे. कोणते ठेवायचे ते कसे ठरवता, मी एकदा विचारले. "जे दखास ते," त्या म्हणाल्या. म्हणजे जे नजरेत भरते ते. याहून जास्त कारण नव्हते.

नवे गाव माणसाला पहिला प्रश्न मुलाबाळांचाच विचारते. आम्ही आलो त्याच महिन्यात अक्कांनी कुंपणावरून मंदाला विचारले, कितली पोरे? मंदा म्हणाली, दोन. मुलगा जळगावला. आणि पोर? मंदा म्हणाली, "ती सासरी असते. बडोद्याला."

मी पाच हातांवर उभा होतो. आयुष्यात मी प्रवासभत्त्यातही किलोमीटर वाढवून लिहिला नाही. पण मी मान हलवली.

मग ते वाढत गेले. जावई कारखान्यात आहे. सासू कडक आहे. फोन फारसा होत नाही. मंदा हे सांगायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला धुळे सोडल्यापासून न दिसलेले काही तरी दिसायचे, म्हणून मी गप्प राहायचो. बडोद्याला तेजल स्वयंपाक करत होती, थकत होती, तिला दिवस जायचे बाकी होते. अक्का पिकलेल्या केळ्यांची फणी देताना म्हणायच्या, "पोर ऊनी का मना मयामा धाडजो." पोर माहेरी आली की तिने त्यांचा मळा पाहावा म्हणून.

मग आखाजी आली. वैशाखातल्या या सणाला खानदेशात सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, मुली झोक्यावर गाणी म्हणतात. अक्कांनी मळ्याच्या बांधावरच्या निंबाला नवा दोर आणून झोका बांधला. त्यांना स्वतःला मुलगी नाही. मला हाक मारून म्हणाल्या, "जवाईले सांगा, पोरले धाडा. झोका बांधेल शे."

त्या संध्याकाळी मंदाने तेजलची सासू आजारी पाडली. तेजल येऊ शकली नाही. चार दिवस तो झोका रिकामा हलत होता आणि आम्ही मागचे दार लावून घेतले होते. उकाडा बेचाळीस अंशांचा. दार लावलेल्या घरात बसून मंदा म्हणाली, "अहो, हिला आता कुठवर नेऊ मी?" बडोद्यातली तेजलही आमच्या हातून जाणार हे आम्हाला दोघांना दिसत होते, आणि पहिलीच्या वेळेसारखेच काय करावे ते कळत नव्हते.

अशा स्थितीत मागचा श्रावण आला. मृत्यूनंतरचे पहिले वर्ष सण नसतोच. आता धरायला हवा होता. धुळ्याला थोरल्या भावाकडे जायला मंदा तयार नव्हती. म्हणाली, इथेच बसवू. मी देवाधर्माचा माणूस नाही. पण ती काही करू म्हणते आहे, हे मला पुरेसे होते. आणि शनिवारी तिने पाच मुठी काढल्या.

एवढ्याशा दळणाला चक्की कशाला म्हणून ते अक्कांच्या जात्यावर दळायचे ठरले होते. पातेल्यात गहू आणि चण्याची डाळ घेऊन आम्ही तिघे गेलो. अक्कांनी जाते धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून ठेवले होते. मंदा बसली, खुंटा धरला. अक्का समोर बसल्या आणि दळणाकडे पाहून सहज विचारले, "कितल्या मुठी व माय?"

"पाच."

अक्कांना शाळा नाही, पण सव्वाचा पाढा कोणत्याही कारकुनाइतका पाठ आहे. "पाच म्हंजे चार माणसे. तुमी ते तीन. पोरनी मूठ कसाले लिधी? सासरे गई का मूठ तठली व्हस." मग माझ्याकडे वळून हसत, "काय भाऊ, आभाय मोजतस आनि घरना माणसे चुकतस?"

गौरव उठून दाराशी गेला. मंदाचा हात खुंट्यावर तसाच होता.

एवढेच करायचे होते की सव्वा मूठ गहू काढून ठेवायचे. चूक झाली म्हणायचे. बडोदा टिकले असते. मला वाटते मंदानेही तसे एकदा मनात केले असेल, कारण तिचा दुसरा हात पातेल्यात गेला होता. तो तिने रिकामाच बाहेर काढला.

"अक्का, तेजल सासरी नाही," ती म्हणाली. "ती गेली. धुळ्यालाच, तापात. भाद्रपदात दोन वर्षं होतील."

अक्कांकडून अरेरे नाही, देवाची मर्जी नाही, डोळ्याला पदर नाही. जात्याच्या कडेला सांडलेले दोन दाणे वेचून त्यांनी तोंडात टाकले.

"लगीन व्हयेल व्हतं का तिनं?"

"नाही."

"मंग ती कोना घरनी?"

मी म्हणालो, "आमच्याच."

"मंग आपली ती आपलीच. सासरे गई नही, तिनी मूठ कोन उचलस? दळ."

मंदाने जाते फिरवले. दोन फेरे झाले असतील. अक्कांनी पुढे होऊन खुंट्यावर तिच्या हाताच्या वर आपला हात ठेवला आणि दोघी दळू लागल्या. दळता दळता अक्का म्हणाल्या, "पन दखजो. बठ्ठं तुमीच खावानं. तिना वाटानं बी. उराले नको." आणि मान न वळवता मला, "खोटं सांगं भाऊ तुमी माले. आखाजीले मी झोका बांधा तिनासाठे."

"हो, अक्का."

"दोर आजून तठेच शे."

मला देव दिसला असे मी म्हणणार नाही. पण त्या ओसरीवर एक गोष्ट मला कळली, आणि अजून तिचे आश्चर्य संपलेले नाही. कॉलेज, कचेरी, रेशन, सगळ्यांनी तिचे नाव कमी केले होते. काही ठिकाणी मी स्वतः अर्ज दिला होता. या एका जुन्या नेमात, ज्याला मी आयुष्यभर अडाणीपणा म्हणत आलो, तिला मोजायला जागा होती. सव्वा मुठीची.

त्या पिठाचे सात रोट झाले. रविवारी नारळाला मंदाने डोळे काढले. समईच्या उजेडात ते आमच्याकडे पाहत होते आणि मी नजर चुकवली, जसा माणूस ओळखीच्यासमोर चुकवतो. तांदळाची खीर, गंगाफळाची भाजी, रोट. आम्ही तिघांनी दोन-दोन खाल्ले. गौरवला तिसरा देऊ लागलो तर म्हणाला, "पप्पा, नाही जात." सोमवारी सकाळी अक्कांच्या कानबाईमागून आमची कानबाई नदीवर नेली. सातपुड्यावरून गढूळ पाणी आले होते. नारळ दिसेनासा व्हायला मोजून नऊ सेकंद लागले. गौरव दुपारच्या गाडीने परत गेला.

एक रोट उरला. मंदाने तो फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. रोज आम्ही दोघे तो पाहायचो आणि उद्या म्हणायचो. मला माहीत होते तो कोणाचा. मी इतका नास्तिक, पण त्याला हात लावायची माझी छाती होत नव्हती. ते सव्वाआठचे बोलणे मंदाला सांगितल्याशिवाय तो माझ्या घशाखाली उतरणार नव्हता.

पौर्णिमा आली. त्या दिवशी राखी असते, म्हणून गौरव आला नाही आणि आम्हीही बोलावले नाही. सकाळी मापकात सात मिलिमीटर होते. घरी आलो तेव्हा मंदाने तो रोट वाटीत मोडून दह्यात भिजत घालण्यासाठी बाहेर काढला होता. दगडासारखा झाला होता. मी चप्पल न काढता दारातच सांगितले. त्या दिवशी तू गेल्यावर, सव्वाआठला, तिने मला सांगितले होते की पोटात दुखतंय. मी ऐकून निघून गेलो.

मंदाने वाटी खाली ठेवली. मी वाट पाहत होतो. मला वाटले होते ती ओरडेल, किंवा पुन्हा कधी बोलणार नाही. दोन्हींची माझी तयारी होती.

ती म्हणाली, "नेमकं काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांगा."

मी सांगितले. "पप्पा, पोटात दुखतंय. मम्मी कधी येईल?"

"मग तुम्ही?"

"मी म्हणालो, काही खाल्लं नाहीस म्हणून दुखतं. मम्मी चारपर्यंत येईल."

"मग ती?"

"बरं, म्हणाली."

मंदा भिंतीला टेकून बसली. बाहेर अक्का केळीच्या बुडाशी बसून पिले कापत होत्या, त्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने तिने पुन्हा सांगायला लावले. मी पुन्हा सांगितले. तिने तिसऱ्यांदा विचारले. मी तीनही वेळा एकही शब्द कमी-जास्त केला नाही. मग तिने फळीवरून दही घेतले, रोट गुडघ्यावर दाबून मोडला आणि दोन वाट्यांत घातला. भिजायला पाऊण तास लागला. आम्ही दोघांनी खाल्ला. तो कडवट झाला होता.

तेजलच्या वाट्याचे गहू सव्वा मूठ. ते तिच्या घरच्यांनी संपवले. तिची दोन वाक्ये आणि एक 'बरं' माझ्याकडे दोन वर्षे अडकून होते. ते त्या पौर्णिमेला, सकाळी पावणेनऊला, तिच्या आईला मिळाले.